पंचवीस टी-शर्टांची बाजू

टी-शर्ट छपाईच्या धंद्यात उतरू पाहणाऱ्या औशातल्या पोराला सध्या एक ठरलेला सल्ला मिळतो. मशीन विकणाऱ्याच्या काउंटरवर मिळतो, उद्योजकता शिबिरातल्या व्याख्यानात मिळतो, आणि सुट्टीला पुण्याहून आलेला चुलतभाऊही तोच देतो. घरगुती प्रिंटर खोलून त्याचं डीटीएफ मशीन करायच्या भानगडीत पडू नकोस. तो जुगाड आहे. यंत्र त्या कामासाठी बनलेलंच नाही, हेड बघता बघता जाम होतं, छापलेलं चित्र चार धुण्यांत निघतं, आणि असल्या खेळण्यावर धंदा उभा राहत नाही. घ्यायचं तर कंपनीचं तयार मशीन घे, कर्ज काढ, नाहीतर दुसरं काहीतरी बघ.

सल्ला देणारे सगळेच लबाड नसतात. काहींनी खरोखर हात पोळून घेतलेले असतात. पण कळकळीने दिला म्हणून सल्ला बरोबर ठरत नाही. लातूरपासून वीसेक किलोमीटरवर, तुळजापूरच्या वाटेवर असलेल्या या तालुक्याच्या गावाला तो लागू पडत नाही, असं माझं म्हणणं आहे. चार आक्षेपांपैकी पहिला आणि तिसरा चूक आहेत, दुसरा तयार मशीनलाही तितकाच लागतो, आणि चौथा, म्हणजे पैशाचा, नेमका उलट्या बाजूने खरा आहे.

वाद कशावर आहे ते आधी नीट पाहू. डीटीएफमध्ये, म्हणजे 'डायरेक्ट टू फिल्म' पद्धतीत, कापडावर थेट छापत नाहीत. आधी पातळ पारदर्शक फिल्मवर छापतात. चित्र उलटं, म्हणजे आरशात दिसावं तसं येतं. खाली रंग आणि त्यावर पांढऱ्या शाईचा थर. शाई ओली असतानाच तिच्यावर गोंदाची पावडर भुरभुरायची, जादाची झटकायची, ओव्हनमध्ये ती वितळवून घ्यायची. मग फिल्म टी-शर्टवर पालथी घालून हीट प्रेसखाली साधारण १५० ते १६० अंशांवर दहा-पंधरा सेकंद दाबायची. फिल्म सोलली की चित्र कापडावर राहतं आणि पांढरा थर रंगांच्या खाली जातो. त्यामुळे काळ्या टी-शर्टवरही भगवा भगवाच दिसतो आणि निळा निळाच. सुती, पॉलिस्टर, मिश्र, कापड कुठलंही चालतं. सब्लिमेशन या दुसऱ्या छपाई पद्धतीला हे जमत नाही. त्याला पॉलिस्टर लागतं आणि तेही पांढरं किंवा फिकं.

रूपांतरासाठी घेतात ते बहुधा एप्सनचे सहा रंगांचे टाकीवाले प्रिंटर: ए-फोरसाठी एल-८०५, ए-थ्रीसाठी एल-१८००. हे मुळात फोटो छापायला केलेले. त्यात नेहमीच्या चार रंगांच्या जोडीला फिका निळा आणि फिका किरमिजी असे दोन जादा रंग असतात. टी-शर्टला या फिक्यांची गरज नसते, म्हणून त्या दोन वाटांनी पांढरी शाई सोडतात. कागदावर वरून हलके दाबत फिरणारी बारीक दातेरी चाकं काढून टाकतात, नाहीतर ओल्या शाईवर टिंबांची रांग उमटते. कागद ओढणाऱ्या मागच्या ट्रेच्या जागी फिल्मसाठी सपाट बेड बसवतात. पांढऱ्या शाईच्या टाकीत ढवळायला छोटी मोटर लावतात. संगणकात रिप सॉफ्टवेअर लागतं, कारण प्रिंटरबरोबर आलेल्या ड्रायव्हरच्या लेखी पांढरा म्हणजे 'इथे काही छापू नकोस'. पांढऱ्याचा थर कुठे, किती जाड, आणि रंगाच्या कडेपासून किती आत घ्यायचा म्हणजे चित्राभोवती पांढरी किनार दिसणार नाही, हे सगळं रिप ठरवतं.

आता पहिला आक्षेप: हा प्रिंटर या कामासाठी बनलेला नाही. इंकजेट प्रिंटर दोन जातींचे असतात. एका जातीत शाईला क्षणभर उकळी आणतात आणि वाफेचा बुडबुडा थेंबाला बाहेर ढकलतो. कॅनन आणि एचपीचे घरगुती प्रिंटर या जातीचे. कापडाची चिकट शाई तिथे घातली तर तापणाऱ्या भागावरच करपून बसेल. दुसऱ्या जातीत विजेच्या इशाऱ्यासरशी किंचित वाकणारा पिझो पदार्थ शाईला ढकलतो. उष्णतेचा संबंधच येत नाही. एप्सन १९९३ पासून हे पिझो हेड वापरत आली आहे. त्यामुळे शाई बदलली तरी हेडला चालतं. प्रिंटर खोलणारा पोरगा एप्सनच निवडतो आणि एचपीला हात लावत नाही, ते उगीच नाही. ज्याला जुगाड म्हणून हिणवलं जातं त्या निवडीत यंत्राची जाण आहे.

आता बाजारात 'तयार डीटीएफ मशीन' म्हणून जे विकलं जातं त्याचं झाकण उघडा. स्वस्तातल्या कितीतरी मशीनमध्ये एक्सपी-६०० नावाचं हेड दिसेल. हे नाव एप्सनच्या टेबलावरच्या एका घरगुती प्रिंटरचं आहे आणि हेडही त्याच घराण्यातलं आहे. चिनी कारखान्यांनी ते उचललं, त्याभोवती लोखंडी सांगाडा उभा केला, रोल लावला, पावडर झटकणारी पेटी जोडली आणि त्याला औद्योगिक यंत्राचं नाव दिलं. महागड्या मशीनमध्ये आय-३२०० हेड असतं. ते खरंच जड कामासाठी केलेलं आहे आणि त्याची गोष्ट वेगळी. पण 'घरगुती प्रिंटरचं हेड कशाला वापरतोस' असं सांगत जो एक्सपी-६०० वालं मशीन विकतो, तो काय विकतोय? रूपांतर दोन्हीकडे झालेलं आहे. एक गल्लीत झालं, दुसरं कारखान्यात. आणि कारखान्यातल्याची किंमत काही लाख आहे.

कंपनीने बनवलं तेवढंच खरं यंत्र आणि गिऱ्हाइकाने त्यात हात घातला की ते बाटलं, ही समजूतही तपासायला हवी. आज आपल्याकडे झेरॉक्सच्या दुकानापासून शाळेच्या ऑफिसपर्यंत दिसणारे टाकीवाले प्रिंटर मुळात आले कुठून? महागड्या काडतुसांना कंटाळून इंडोनेशियातल्या लोकांनी एप्सनच्या प्रिंटरला बाहेरून शाईच्या बाटल्या आणि नळ्या जोडल्या होत्या. आपल्याकडच्या फोटो स्टुडिओतही हे प्रकार सर्रास चालत. कंपनीने काही काळ नाक मुरडलं आणि मग ऑक्टोबर २०१० मध्ये टाकी बसवलेला प्रिंटर पहिल्यांदा इंडोनेशियातच बाजारात आणला. आज तोच तिच्या धंद्याचा कणा आहे. डीटीएफच्या बाबतीतही तेच झालं. लोकांनी आधी प्रिंटर खोलून वाट पाडली आणि आता एप्सन स्वतःच डीटीएफसाठी यंत्रं विकते. कालचा गुन्हा आज कंपनीच्या कॅटलॉगमध्ये छापून येतो, एवढाच फरक.

कायद्याची भीतीही घातली जाते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ३० मे २०१७ रोजी लेक्समार्क या प्रिंटर कंपनीच्या खटल्यात स्पष्ट केलं की एकदा वस्तू विकली की तिच्यावरचा पेटंटचा हक्क संपतो. विकत घेणाऱ्याने काडतूस पुन्हा भरलं म्हणून कंपनी पेटंटच्या नावाने त्याच्यामागे लागू शकत नाही. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी डिसेंबरात त्यासाठी पोर्टलही सुरू केलं. वारं कुठल्या दिशेने वाहतंय ते यावरून कळावं. वॉरंटी जाते हे मात्र खरं, आणि ती जावीच. यंत्र तुम्ही बदललंत तर त्याची जबाबदारी कंपनीने का घ्यावी? पण रूपांतरासाठी घेतला जाणारा प्रिंटर पुष्कळदा जुना, स्टुडिओतून निघालेला असतो. त्याची वॉरंटी आधीच संपलेली असते. जे हातात नाही ते जाईल म्हणून घाबरवण्यात अर्थ नाही.

दुसरा आक्षेप गंभीर आहे: हेड जाम होतं. होतं. पण का होतं हे न सांगता नुसतं 'होतं' म्हणणं हा धाक झाला, माहिती नव्हे. पांढऱ्या शाईत टायटॅनियम डायॉक्साइड असतो, भिंतीच्या पांढऱ्या रंगात असतो तोच. लोकांना वाटतं त्याचे कण मोठे असतात आणि नोझलमध्ये अडकतात. हे कण मिलिमीटरच्या हजाराव्या भागाचाही पाव हिस्सा इतके बारीक दळलेले असतात. नोझलचं छिद्र त्यांच्या कितीतरी पट मोठं. अडचण कणांच्या वजनाची आहे. हा पदार्थ पाण्याच्या जवळपास चौपट जड. शाई रात्रभर स्वस्थ राहिली की तो टाकीच्या, नळीच्या, हेडच्या तोंडावरच्या शाईच्या डबीच्या म्हणजे डँपरच्या तळाशी बसतो, आणि हेडच्या तोंडाशी राहिलेली शाई वाळून पापुद्रा धरते. डीटीएफच्या पांढऱ्या शाईचा हा जन्मस्वभाव आहे. यंत्र चाळीस हजारांचं असो की पाच लाखांचं, शाई बसणारच. मोठ्या मशीनमध्ये ती फिरती ठेवायला पंप असतो हे खरं, पण तो पंप चालायला मशीन चालू लागतं, आणि काम नाही म्हणून आठवडाभर बंद पडलेल्या मोठ्या मशीनचं हेडही तसंच जाम होतं. फक्त ते बदलायचा खर्च अंगावर काटा आणतो.

मराठवाड्याची हवा यात भर घालते, आणि याबद्दल विकणारा कधी बोलत नाही. डीटीएफला खोलीत साधारण ४० ते ६० टक्के आर्द्रता लागते. ज्या जिल्ह्याला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पिण्याचं पाणी आणावं लागलं, तिथे चैत्र-वैशाखातल्या दुपारी ही ओल कुठून यायची? कोरड्या हवेत नोझल तर वाळतंच, शिवाय फिल्मवर स्थिर वीज साठते आणि पावडर जिथे शाई नाही तिथेही चिकटते. झटकली तरी निघत नाही. प्रेस केल्यावर काळ्या टी-शर्टवर चित्राच्या आजूबाजूला बारीक खरखरीत पुरळ उठल्यासारखं दिसतं आणि गिऱ्हाईक बोट फिरवून विचारतं, हे काय? पावसाळ्यात उलटं. पावडरचे गोळे होतात, फिल्म ओल धरते, शाई लवकर वाळत नाही.

यावर उपाय आहेत आणि ते सगळे औशाच्या बाजारात मिळतात. उन्हाळ्यात दुकानात कूलर लागतोच. तो यंत्रावर सरळ झोत येणार नाही असा फिरवून ठेवला की हवेत ओल राहते. पावडर घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवायची. भिंतीवर आर्द्रता दाखवणारं काट्याचं घड्याळ लावायचं. सकाळी दुकान उघडलं की पांढरी शाई ढवळून नोझल चेकची पट्टी काढायची. पट्टीवरची एखादी रेघ तुटलेली दिसली तर त्याच वेळी साफ करायची, ऑर्डर आल्यावर नाही. संध्याकाळी हेड जिथे विसावतं त्या कॅपिंगचा स्पंज ओला करून हेड त्यावर बसलंय ना ते बघायचं. आणि एक छोटा यूपीएस. छपाई चालू असताना वीज गेली तर हेड वाटेतच उघडं थांबतं आणि वीज येईपर्यंत वाळत राहतं. हीट प्रेस यूपीएसवर चालत नाही, चालवायचीही गरज नाही. हेडला घरी परत जाण्यापुरती दोन मिनिटं मिळाली तरी पुरे. जो हे रोज करतो त्याचं हेड टिकतं. जो करत नाही त्याने कुठलंच मशीन घेऊ नये, तयार तर अजिबात घेऊ नये.

तिसरा आक्षेप, प्रिंट धुण्यात निघून जाते. इथे दोष भलत्याच्याच माथी मारला जातो. कापडाला धरून ठेवते ती पावडर, आणि तिला धरायला लावतो तो ओव्हन आणि प्रेस. प्रिंटरचं काम फिल्मवर शाई ठेवण्यापुरतं. पावडर अर्धवट वितळली, प्रेसचं तापमान मीटरवर १५५ दिसत असून प्लेटच्या कोपऱ्यात १३० असलं, दाब कमी पडला, किंवा गार झाल्यावर सोलायची फिल्म गरम असतानाच सोलली, तर पाच लाखांच्या मशीनवरची छपाईही तिसऱ्या धुण्याला कडेने सुटते. उलट जुन्या एल-१८०० वर काढलेली फिल्म नीट भाजून, सोलल्यावर पुन्हा एकदा दाबून दिली तर टिकते. प्रेसच्या प्लेटचं तापमान चारही कोपऱ्यांत मोजून घेणं हे प्रिंटर कुठल्या कंपनीचा आहे यापेक्षा महत्त्वाचं. नाचता येईना, अंगण वाकडं, अशातली ही गत आहे.

छातीवर रबराचा पत्रा बसवल्यासारखं वाटतं, उन्हाळ्यात घाम येतो, ही तक्रार मात्र बरोबर आहे. पण ती डीटीएफ या पद्धतीची आहे, रूपांतराची नाही. त्याचा इलाज डिझाइन करणाऱ्याकडे असतो. काळ्या टी-शर्टवर काळा छापायचाच नाही. चित्रातला काळा भाग पोकळ सोडला की तिथे कापडच काळं दिसतं, शाई वाचते आणि अंगाला हवा लागते. हे कसब यंत्राबरोबर मिळत नाही, महागड्या यंत्राबरोबर तर मुळीच नाही.

आता चौथा आक्षेप, खरा वादाचा: खेळण्यावर धंदा उभा राहत नाही, मोठं घ्या म्हणजे काम येईल. औशात काम येतं कसं ते बघू. फेब्रुवारीत शिवजयंती, एप्रिलमध्ये भीमजयंती, ऑगस्टच्या पहिल्या तारखेला अण्णाभाऊंची जयंती, मग गणपती, मग नवरात्रात तुळजापूरला पायी निघणारे गट. मधेमधे टेनिस बॉल क्रिकेटच्या स्पर्धा, शाळांची स्नेहसंमेलनं, लातूरच्या क्लासमधल्या एखाद्या बॅचचे निरोपाचे टी-शर्ट, लग्नाच्या हळदीला 'नवरीकडचे' असं लिहिलेले दहा-बारा. ऑर्डर पंधराची, पंचवीसची, फार तर चाळीसची. क्रिकेटच्या संघाला पंधरा लागतात, आणि प्रत्येकाच्या पाठीवर वेगळं नाव, वेगळा नंबर. मंडळाची वर्गणी सोयाबीनवर अवलंबून. २०२४ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि बाजारात सौदे त्याच्या खाली झाले. अशा वर्षी मंडळ चाळीसचे पंचवीस करतं. मशीन मोठं घेतलं म्हणून सोयाबीनचा भाव वाढत नाही.

गणित मांडू. आकडे उदाहरणादाखल आहेत. ज्याने त्याने आपले घालून पाहावेत. चार लाखांचं कर्ज, ११ टक्के व्याज, पाच वर्षं: महिन्याचा हप्ता सुमारे ८,७०० रुपये. कोरा टी-शर्ट, शाई, फिल्म, पावडर, वीज हे सगळं वजा जाऊन एका टी-शर्टमागे चाळीस रुपये सुटतात असं धरलं, तर नुसत्या हप्त्यासाठी महिन्याला २१८ टी-शर्ट छापावे लागतील. गाळ्याचं भाडं आणि घरखर्च त्यापुढचा. आता जुना प्रिंटर, रूपांतराचं साहित्य, हीट प्रेस आणि छोटा ओव्हन यांच्यासाठी गाठीचे थोडे पैसे घालून पन्नास हजारांचं कर्ज काढलं, त्याच व्याजाने तीन वर्षांसाठी: हप्ता सुमारे १,६४० रुपये. म्हणजे ४१ टी-शर्ट. दोन ऑर्डरी. पितृपक्षात, सुगीच्या धामधुमीत, परीक्षांच्या दिवसांत ४१ निघतात. २१८ निघत नाहीत. मोठं मशीन तासाला कितीतरी जास्त छापतं, हे कोण नाकारतंय? पण पंचवीसच्या ऑर्डरला वेग काय कामाचा? छोट्या मशीनवर ए-थ्रीची एक फिल्म निघायला काही मिनिटं लागतात आणि अख्खी ऑर्डर एका दुपारीत हातावेगळी होते. उरलेला वेग बँकेच्या खात्यावर व्याज म्हणून चढतो.

दुसऱ्या बाजूचा सगळ्यात चांगला मुद्दा विकणाऱ्यांकडून येत नाही, कारण तो त्यांच्याही पोटावर येतो. तो असा: प्रिंटर घ्यायचाच कशाला? लातूर, सोलापूर, पुणे इथे मीटरच्या भावाने डीटीएफ फिल्म छापून मिळते. डिझाइन पाठवा, फिल्म पार्सलने येते, तुम्ही फक्त हीट प्रेस ठेवा. हा मुद्दा मी अर्धा मान्य करतो. ज्याच्याकडे महिन्याला एखाददुसरी ऑर्डर आहे त्याने हेच करावं. रोज न चालणारा डीटीएफ प्रिंटर हा पोसायचा हत्ती आहे, आणि तो छोटा असला तरी हत्तीच.

पण अर्धाच मान्य. जयंतीच्या आदल्या आठवड्यात सगळ्या जिल्ह्याची ऑर्डर त्याच दोन-चार मोठ्या मशीनवर जाऊन आदळते आणि छोट्या गावाचं काम रांगेत शेवटी जातं. संघातला एक खेळाडू ऐनवेळी बदलतो, अध्यक्षांच्या नावातली वेलांटी चुकते, संध्याकाळी सहाला कुणीतरी येऊन म्हणतं, 'भाऊ, अजून तीन वाढवा, उद्या सकाळी निघायचंय.' त्या तीन टी-शर्टांसाठी लातूरच्या पार्सलची वाट बघता येत नाही. गावातल्या दुकानाकडे लोक येतात ते अशा वेळेसाठीच. भाव लातूरइतका स्वस्त पडला नाही तरी चालतं, काम रात्रीत व्हावं लागतं. आपल्या दुकानात प्रिंटर असण्याची किंमत इथे वसूल होते.

स्क्रीन प्रिंटिंग मरेल अशीही हळहळ ऐकू येते. पाचशे पिशव्यांवर एका रंगात नाव टाकायचं असेल तर आजही स्क्रीनच परवडते, आणि डीटीएफवाल्याने ते काम स्क्रीनवाल्याकडेच पाठवावं. पण बहुरंगी चित्राचे पंधरा टी-शर्ट स्क्रीनवाल्याने कधी परवडतात म्हणून घेतले? दर रंगाला वेगळी स्क्रीन काढायची, तीही पंधरा नगांसाठी. जे काम त्याच्याकडे नव्हतंच ते त्याच्या हातून गेलं असं म्हणता येत नाही.

रूपांतराच्या बाजूनेही खोटं बोलणारे आहेत आणि त्यांना सोडून चालणार नाही. मोबाइलवर व्हिडिओ टाकून 'पंधरा मिनिटांत प्रिंटर बदला, महिन्याला लाख कमवा' असं सांगणारे याच धंद्याची माती करतात. पी हळद अन् हो गोरी, असं इथे होत नाही. त्यांच्या व्हिडिओत कूलर, यूपीएस, नोझल चेकची पट्टी यातलं काही दिसत नाही. रिप सॉफ्टवेअर चोरीचं घ्या असं ते उघड सांगतात. ते बेकायदा तर आहेच, शिवाय चोरीचं सॉफ्टवेअर ऐन ऑर्डरीत बंद पडलं तर दाद कुणाकडे मागणार? परवान्याची किंमत पहिल्या दिवशीच्या खर्चात धरायला हवी. पावडर भाजताना निघणाऱ्या धुराबद्दल तर कुणीच बोलत नाही. पुढे शटर आणि मागे भिंत अशा गाळ्यात तो धूर दिवसभर छातीत जातो. ज्या गाळ्याला मागे पंखा बसवता येत नाही तिथे ओव्हन लावू नये, मग ऑर्डर कितीही मोठी असो. वाया गेलेली शाई गटारात ओतू नये, बाटलीत साठवावी. आणि मोठ्या कंपनीचा लोगो छापून टी-शर्ट विकणाऱ्याने ट्रेडमार्क कायद्याचं कलम १०३ वाचून ठेवावं: सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड. गिऱ्हाइकाने आणलं म्हणून छापलं, एवढाच बचाव तिथे पुरत नाही.

म्हणजे रूपांतर धोक्याचं नाही असं नाही. पण हे धोके शिकवून टळणारे आहेत, आणि शिकवायची सोय कुणी करत नाही, ही खरी तक्रार असायला हवी. लातूरच्या पूरणमल लाहोटी शासकीय तंत्रनिकेतनात किंवा तालुक्याच्या आयटीआयमध्ये दोन आठवड्यांचा वर्ग घेता येईल: पिझो हेड कसं चालतं, पांढरी शाई का बसते, प्रेसचं तापमान कसं मोजायचं, धूर बाहेर कसा काढायचा. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत अठरा व्यवसाय आहेत; शिंपी आहे, परीट आहे, हार करणारा आहे, कापडावर छापणारा नाही. मुद्रा योजनेच्या शिशु गटात २०१५ पासून पन्नास हजारांपर्यंत कर्जाची तरतूद आहे, आणि वर मांडलेल्या गणितात ते चपखल बसतं. घोडं पेंड खातं ते कोटेशनपाशी. बँकेला डीलरचं जीएसटीचं कोटेशन लागतं. जुना प्रिंटर घेऊन स्वतः बदलणाऱ्याकडे ते कुठून येणार? मग तोच पोरगा नाइलाजाने चार लाखांच्या मशीनचं कोटेशन घेऊन येतो, कारण ते छापील मिळतं. कर्ज देताना कागद मोठा आणि नेटका असला की धोका कमी, असं धरलं जातं. इथे ते नेमकं उलट आहे. हीट प्रेस, ओव्हन आणि यूपीएसचं बिल पक्कं मिळतं. तेवढ्यावर शिशु कर्ज द्यावं आणि प्रिंटर ज्याचा त्याने गाठीच्या पैशातून उभा करावा. बँकेच्या शाखाधिकाऱ्याने मनावर घेतलं तर यासाठी नवा नियम करावा लागणार नाही.

राहता राहिला सल्ला. तो द्यायचाच असेल तर 'कुठलं मशीन' याच्याआधी 'महिन्याला किती टी-शर्ट, आणि किती दिवस आधी सांगून' हे विचारावं. महिन्याला दोन ऑर्डरी आणि आठवड्याची मुदत असेल, तर नुसती हीट प्रेस घ्यावी आणि फिल्म लातूरहून मागवावी. रोज थोडं थोडं काम आणि उद्याची घाई असेल, तर प्रिंटर खोलावा, पण सकाळच्या पट्टीला चुकू नये. रोजचे शंभर-दोनशे टी-शर्ट असतील आणि ते वर्षभर येत असतील, तर खुशाल मोठं मशीन घ्यावं, एक्सपी-६०० वालं मात्र घेऊ नये. औशातली बहुतेक दुकानं यातल्या मधल्या ओळीत बसतात. त्यांना तिसऱ्या ओळीचं मशीन विकणाऱ्याने दुसऱ्या ओळीला जुगाड म्हणायचं बंद करावं.